आरशातला हात

काच पडली तर पकडायची नाही. काचेच्या धंद्यातला हा पहिला नियम. दुकानात तो कुठे लिहून लावलेला नव्हता, कारण थोरल्याने तो धाकट्याच्या कानाखाली लिहिला होता, तेही धाकट्याला मिसरूड फुटायच्या आधी. एक तावदान निसटलं, पोरगं ते धरायला वाकलं, आणि काच जमिनीवर पोचायच्या आत थोरल्याचा पंजा गालावर पोचला. "गेली तर जाऊ दे! काच बाजारात मिळते, बोटं मिळत नाहीत. हात मागे!" तेव्हापासून धाकट्याचे हात असे तयार झाले की टेबलावरून चमचा घरंगळला तरी ते आधी मागे जायचे. परवापर्यंत त्याच्या दहाही बोटांवर एक टाका नव्हता. ह्या धंद्यात असा दुसरा माणूस दाखवा. नाहीच दाखवता येणार.

दुकान दोघा भावांचं. थोरला गिऱ्हाईक सांभाळतो, मापं घेतो आणि बोलतो. धाकटा काच कापतो आणि बोलत नाही. शाळेने दोघांनाही लवकरच नारळ दिला, पण शाळेत जाऊन तरी कुणाला अशी नजर मिळते? दारात उभा राहून धाकटा सांगायचा, भिंतीवरचा आरसा किती सुतं कलला आहे. मग थोरला गिऱ्हाइकासमोर फूटपट्टी लावून दाखवायचा. सूतभर इकडे नाही की तिकडे नाही. "पट्टी आम्ही तुमच्या समाधानासाठी ठेवलीय," थोरला म्हणायचा, "खरं माप ह्याच्या डोळ्यात आहे." ह्यात फुशारकी कसली? जे आहे ते आहे. आणि हा डोळा घडवला कुणी, हेही गल्लीत सगळ्यांना ठाऊक आहे.

धाकट्याला एक मुलगी. पाय फुटल्यापासून एका टाचेवर गरगर फिरायची, म्हणून तिचं नाव पडलं भिंगरी. शाळा सुटली की ती दुकानात यायची, कारण तिची आई घरी शिलाईवाल्यांची काज-बटणं करायची आणि सुया-कात्र्यांच्या पसाऱ्यात पोर नको असायचं. म्हणजे सुयांतून उठवून काचांत आणून बसवलेली. पण दुकानात तिची जागा ठरलेली होती. धाकट्याचं कापायचं टेबल भिंतीला लावलेलं, भिंतीला ओळीने आरसे टेकवलेले, आणि त्याच्या पाठीमागे पुठ्ठ्यांची थप्पी. त्या थप्पीवर भिंगरी. काम करताना धाकटा मागे वळून बघायचाच नाही. मान वर केली की लेक आरशात समोर. तिने आरशात जीभ काढून दाखवायची, ह्याने आरशात भुवया उडवायच्या. रागवायचं असलं तरी आरशातूनच. बापलेकींचा सगळा संसार असा काचेतून चालायचा.

पहिल्यांदा झालं तेही आरशातच.

भिंगरी पुठ्ठ्यावरून उतरून फिरत होती. फिरता फिरता थांबली. डोळे वर गेले. मान एका बाजूला अशी ओढली गेली, जसं कुणी कानाला धरून ओढतंय, आणि त्याच बाजूचा हात झटके द्यायला लागला. धाकटा वळला. पोर पडत होती. आणि त्याचे दोन्ही हात मागे गेले.

तिचं डोकं टेबलाच्या पायावर आपटलं. दारातून थोरला धावत आला, त्याने उचललं. थोड्या वेळाने भिंगरीने डोळे उघडले, इकडेतिकडे बघितलं आणि विचारलं, "मोठे काका, मला का उचललंय?" तिला काही म्हणजे काही आठवत नव्हतं. कपाळावर टेंगूळ तेवढं होतं.

धाकट्याला कुणी एका शब्दाने बोललं नाही. नियम चांगलाच होता, नियमाची काही चूक नव्हती. पण त्या दिवशी त्याने पुढची काच कापायला घेतली नाही. स्टुलावर बसून हात मांडीवर उलटे-पालटे करत राहिला, जणू कुणाचे तरी उसने आणलेत.

मग हे परत परत व्हायला लागलं. कधी आठवडाभर काही नाही, कधी एका दिवसात दोनदा. कोपऱ्यावरच्या डॉक्टरने आधी अशक्तपणा सांगितला, मग जंत सांगितले, मग "लाड कमी करा" सांगितलं. थोरला त्याला तोंडावर म्हणाला, "डॉक्टर, तुमच्या दवाखान्याची काच आम्ही बसवलीय. ती अजून हलत नाही. तुमचं औषध मात्र दर आठवड्याला बदलतंय." तेव्हा त्याने मोठ्या हॉस्पिटलाची चिठ्ठी दिली.

मोठ्या हॉस्पिटलात भिंगरीला घेऊन आईबाप आणि थोरला असे तिघंही गेले, कारण थोरल्याशिवाय ह्या घरात कुठलं काम होतं? एक तरुण डॉक्टर होता, डोळ्यांखाली काळं आलेला. त्याने भिंगरीच्या गुडघ्यावर हातोडी मारली, तिला नाकाला बोट लावायला लावलं, आणि विचारलं, "झटके कुठल्या हाताला येतात?"

"डाव्या," धाकटा म्हणाला.

"उजव्या," भिंगरीची आई म्हणाली. दोघं एकदम बोलले.

डॉक्टरने पेन थांबवलं. "नक्की कुठला? मेंदूचं काम उलटं असतं. हात डावा असेल तर आम्ही मेंदूची उजवी बाजू धुंडाळणार, उजवा असेल तर डावी."

"उजवाच हो," ती म्हणाली. "घरी होतं तेव्हा मी धरते ना तिला."

"तू घाबरलेली असतेस," थोरला म्हणाला. "घाबरलेल्या माणसाला स्वतःचे डावे-उजवे कळत नाहीत. डॉक्टर, हा माझा भाऊ काच कापतो. ह्याची नजर म्हणजे नजर आहे. हा डावा म्हणाला ना, मग डावाच लिहा."

"भाऊजी, पण..."

"अगं, ह्याने आयुष्यात सूतभर चूक केलेली नाही!"

डॉक्टरने डावा लिहिला.

डोक्याचा फोटो झाला, भलंमोठं नळकांडं, आत धडाडधूम आवाज. भिंगरी आतूनच ओरडली, "बाबा, हे मशीन नीट करायला सांगा!" डोक्याला तारा चिकटवून मेंदूच्या लाटा काढल्या. उजवी बाजू पुन्हा पुन्हा बघितली. सगळं स्वच्छ. "स्वच्छ असणारच," थोरला म्हणाला, "कुणाच्या घरातली आहे!" हसलं कुणीच नाही. मग तोच हळूच म्हणाला, "मग पोर पडते कशाने?"

"तेच तर," तरुण डॉक्टर म्हणाला. "एकदा होताना बघायला मिळालं असतं तर. मोबाईलवर व्हिडिओ घ्या."

सांगायला काय जातंय! घरी झालं तेव्हा आईने मोबाईल उचलला, आणि तो हातात नाही हे तिच्या लक्षात आलं तेव्हा तो पलंगाखाली पडलेला होता आणि पोर तिच्या छातीशी होती. व्हिडिओत नुसतं छत आणि तिचा आवाज. "मोबाईल धरू की लेकरू धरू?" ती नवऱ्यावर खेकसली. "तुम्ही काढा. तुमचे हात तर मोकळेच असतात."

हे वाक्य कुठे जाऊन रुतलं, ते तिलाही बोलल्यावर कळलं. तिने त्याचं ताट वाढलं आणि स्वतः जेवली नाही.

औषध सुरू झालं. त्याने झटके थांबले नाहीत, भिंगरी थांबली. पुठ्ठ्यांवर बसून पेंगायची. आरशात बापाने भुवया उडवल्या तर ती नुसती बघायची, जसं दुकानात आलेलं कुणी अनोळखी गिऱ्हाईक बघतं.

त्यात ती एकदा वर्गात पडली. शाळेच्या मोठ्या बाईंनी बोलावून घेतलं. बाई काही वाईट नव्हत्या, खुर्ची दिली, पाणी दिलं. "हिला नेमकं काय आहे, ते डॉक्टरांकडून लिहून आणा," त्या म्हणाल्या. "फिट्स आहेत असं लिहून आणा, नाहीत असं आणा, आमचं काहीही चालेल. पडली तर काय करायचं ते तरी आम्हाला कळेल. पण नुसतं 'काहीतरी होतं' असलेलं मूल मी वर्गात कसं घेऊ? त्या दिवशी बाकीची पोरं बाकांवर चढून रडत होती."

"आणि तोवर?" धाकट्याने विचारलं.

"तोवर घरी."

म्हणजे आता सगळं एका नावाशी येऊन अडलं. आजाराचं नाव आलं की औषध, नाव आलं की शाळा. धाकटा जन्मात कुणाकडे काही मागायला गेला नव्हता. आता ह्या दारातून त्या दारात नाव मागत फिरायला लागला.

शेवटी फक्त मुलांच्या मेंदूचंच बघणाऱ्या एक डॉक्टरीणबाई आहेत असं कळलं. त्यांच्याकडे नंबर लागायला ऋतू पालटला. खोलीत शिरल्या शिरल्या दोघा भावांनी आधी काय बघितलं असेल? हात धुवायच्या बेसिनवरचा आरसा. थोरला कुजबुजला, "किती?" धाकटा म्हणाला, "दोन सूत. उजवीकडून खाली आलाय." बाईंनी ऐकलं, आणि हसल्या. बरं वाटलं. हसणारा डॉक्टर बऱ्याच दिवसांनी भेटला होता.

बाईंनी सगळे कागद वाचले. मग म्हणाल्या, "कागद राहू देत. तुम्हीच दाखवा. तिच्या अंगाला हात लावून दाखवा, कुठून सुरू होतं."

धाकटा भिंगरीसमोर गुडघ्यावर बसला. हात पुढे केला. थांबला. ह्या हाताकडे नेला, त्या हाताकडे नेला.

"काय झालं?" थोरला म्हणाला. "दाखव की. रोज बघतोस."

"असं नाही बघितलं कधी," धाकटा म्हणाला.

तो उठला, बेसिनपाशी गेला आणि सगळ्यांकडे पाठ करून उभा राहिला. आरशात मागे भिंगरी स्टुलावर बसलेली दिसली. त्याने काचेवर बोट टेकवलं. "हा. हा हात. आधी मान ह्या अंगाला जाते, मग हा."

बाई उठल्या. त्या बोटाकडे बघत बघत भिंगरीजवळ गेल्या आणि तिचा तो हात वर उचलला.

उजवा होता.

"पण तुम्ही तर डावा लिहायला सांगितलंत," बाई म्हणाल्या.

"आरशात उजवीकडे दिसतो ना, मॅडम," धाकटा आरशाकडेच तोंड करून म्हणाला. "आरसा उलटं दाखवतो. म्हणून मी उलटवून सांगितलं."

बाईंनी श्वास सोडला. "समोरासमोर बसलेल्या माणसाचं उलटवून धरायचं असतं. आरशातलं नाही. तुमचा उजवा हात वर करा बघू."

त्याने केला. आरशातही उजवीकडचाच हात वर गेला. एवढंच. कुणाही ऐऱ्यागैऱ्याने आरशात बघून जे दिसलं ते सांगितलं असतं, तर बरोबर सांगितलं असतं. पण हा आरशाचा माणूस. आरसा कसा फसवतो ते ह्याला माहीत, म्हणून हा फसला.

थोरल्याने खिशातून रुमाल काढला, परत ठेवला. बाहेर पडताना भिंगरीची आई म्हणाली, "माझं कोण ऐकणार? मी काज-बटणवाली. घरात एवढे आरसेवाले बसलेले असताना." आणि पायऱ्या उतरून पुढे चालायला लागली.

कुणालाही वाटेल, धाकटा खचला असेल. उलट झालं. त्या दिवसांत तो जितका खुशीत होता तितका लग्नातही नव्हता. कारण साधं आहे: चूक आपली निघाली, आणि आपली चूक आपल्याला सुधारता येते. इतके दिवस डॉक्टर भलत्याच खोलीत दिवा लावून शोधत होते. आता योग्य खोलीत जातील आणि मिळेल. काच कापताना तो शीळ घालायला लागला. बायकोसाठी चाफ्याच्या रंगाच्या दोऱ्याची रिळं आणली, तिने मागितलेली नसताना. ती म्हणाली, "माफी मागायची असली तर तोंडाने मागा." तो म्हणाला, "उजवा." ती हसली. थोरल्याने तर गल्लीभर सांगितलं, "आमच्यामुळे अडलं होतं हो, आता आमच्यामुळेच सुटणार." चूकही सांगायची तर अशी छाती काढून सांगावी.

जुने फोटो बाईंनी डाव्या बाजूने पुन्हा तपासायला पाठवले. भिंगरीला ॲडमिट केलं, डोक्याला तारा लावून, समोर कॅमेरा लावून. दोन्ही भाऊ, आई, सगळे पलंगाभोवती. आयुष्यात पहिल्यांदा घरादाराने वाट बघितली की आता पोरीला झटका येऊ दे. आई तिच्या उजव्या हाताकडे बघत बसायची आणि मध्येच स्वतःच्याच तोंडात मारून घ्यायची, हे काय मागतेय मी म्हणून. आणि भिंगरी? औषध कमी केलेलं, त्यामुळे ती जागी झालेली, तरतरीत. नर्सला कोडी घातली. तारांची वेणी घालता येईल का म्हणून विचारलं. पलंगावर उभी राहून फिरायला बघत होती, तारा ताणल्या म्हणून ओरडा खाल्ला. इतक्या महिन्यांनी पोर परत आली होती. आणि झटका मात्र यायचं नाव नाही.

तारा काढल्या. डिस्चार्ज मिळाला. हॉस्पिटलच्या पायरीवर, आईने हात धरलेला असताना, तिची मान उजवीकडे ओढली गेली. थोरला आत धावला, कुणाला तरी घेऊन येईपर्यंत संपलंही होतं.

बाईंनी दोघा भावांना समोर बसवलं. "बाजू आता बरोबर कळलीय. पण त्या बाजूला काही सापडत नाही. फोटोत नाही, लाटांत नाही. रक्ताच्या तपासण्याही सगळ्या आल्या."

"म्हणजे काही नाही?" थोरला म्हणाला.

"आहे. पायरीवर तुम्हीच बघितलंत की. पण काय आहे, ते मला आज सांगता येत नाही. फिट्स असतील, नसतील. पुन्हा तपासू, थोडी मोठी झाली की."

धाकटा टेबलावरच्या काचेकडे बघत होता. एका कोपऱ्याला टवका उडालेला होता. मग म्हणाला, "नाव द्या."

"नाव माहीत असतं तर..."

"कुठलंही द्या. खोटं द्या, मॅडम. शाळेपुरतं."

थोरल्याने त्याच्याकडे वळून बघितलं. ह्या घरातल्या माणसाने असं काही मागितलेलं त्याने कधी ऐकलं नव्हतं. त्याने अडवलं नाही.

"खोट्या नावालाही खरीच औषधं द्यावी लागतात," बाई हळू म्हणाल्या. "त्या औषधांनी ती कशी झाली होती, बघितलंत ना?" त्यांनी स्वतःच्या हाताने शाळेला लिहून दिलं: पडली तर कुशीवर झोपवा, तोंडात काही घालू नका, जास्त वेळ चाललं तर दवाखान्यात न्या, हे कशाने होतं ते अजून समजलेलं नाही. शाळेच्या मोठ्या बाईंनी ते दोनदा वाचलं. "ह्यात तर तेच आहे," त्या म्हणाल्या. "काहीतरी होतं." आणि कागद परत दिला, नीट, दोन्ही हातांनी.

म्हणून भिंगरी दिवसभर दुकानात असते. धाकट्याने टेबल भिंतीपासून ओढून दुकानाच्या मधोमध आणलं. आता तो आरशांकडे पाठ करून, पुठ्ठ्यांकडे तोंड करून काम करतो. उजेड नीट पडत नाही. कापताना कधी कधी कड सरळ येत नाही. थोरला ती गुपचूप घासून घेतो आणि गिऱ्हाइकाला सांगतो, नवी पद्धत आहे.

परवा एका न्हाव्याच्या दुकानाचा आरसा तयार झाला. भिंतभर, दोघांनी उचलायचा. अशी काच उचलली की एकट्याने सोडायची नाही, हा दुसरा नियम. सोडायची तर ओरडून, दोघांनी एकदम. नाहीतर दुसऱ्याचे हात जातात. दोघांनी उचलला. धाकट्याची नजर आरशाच्या वरून पुठ्ठ्यांकडे होती. भिंगरी उभी होती, आणि तिची मान वळायला लागली.

तो ओरडला नाही. त्याने सोडला.

थोरल्याचे हात मागे गेले. म्हणून ते आज जागेवर आहेत. आरसा त्याच्या पायांसमोर आडवा गेला आणि सगळ्या दुकानभर झाला. आवाजाने समोरचा किराणावाला बाहेर आला.

धाकटा जमिनीवर बसला होता. भिंगरीचं डोकं जमिनीला लागलं नव्हतं, त्याच्या कोपरात होतं. तिचा हात त्याच्या मुठीत झटके देत होता, आणि मूठ काही त्याला थांबवू शकत नव्हती.

"कुठला?" थोरल्याने सवयीने विचारलं.

"उजवा."

"मग?"

"मग काय, दादा. उजवा."

थोरल्याने कोपऱ्यातला झाडू घेतला. त्याने ज्या हाताने धाकट्याला लहानपणी पहिला नियम शिकवला होता, त्याच हाताने तो तुकडे लोटत होता, आणि भावाचे हात कुठेकुठे कापलेत ते बघत होता. तीन ठिकाणी.

बऱ्याच वेळाने भिंगरीने डोळे उघडले. वर बापाचं तोंड, आजूबाजूला सगळीकडे चकाकी.

"बाबा, मी पडले?"

"नाही. आरसा पडला."

"का पडला?"

हे त्याला माहीत होतं.

"हात सुटला," तो म्हणाला.